मदत हवी आहे: एकाच बसथांब्यावरचा माहितीपट संकलनात अडकलाय

नमस्कार मंडळी,

गेले चौदा महिने मी एकाच बसथांब्याचं चित्रण करतेय. कॅमेरा रस्त्यापलीकडे ट्रायपॉडवर, लेन्स एकच, झूम नाही की पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) नाही. निवेदन आणि मुलाखती घ्यायच्या नाहीत, हे आधीच ठरलं होतं. ३८ तासांचं फुटेज साचलंय, त्यातून ७० मिनिटं काढायची आहेत.

पहिला कट पहाट ते मध्यरात्र असा लावला. जुळला छान, पण जर्मन दिग्दर्शक वाल्टर रुटमाननं १९२७ च्या चित्रपटात बर्लिनचा दिवस असाच पाच अंकांत मांडला होता. माझा थांबा त्यात हरवूनच गेला. मग आवाज चित्रापासून तोडला: संध्याकाळच्या गर्दीवर रात्री दोनचा आवाज, लांबवर भुंकणारं कुत्रं, शटर ओढल्याची खरखर. तेव्हा कुठे गर्दीतला एकेक चेहरा सुटा दिसायला लागला! पण दहा मिनिटांनी ती नुसती युक्ती वाटते. हे किती ताणावं?

खरा पेच वेगळाच आहे. फुटेज बघताना लक्षात आलं की एक बाई जवळजवळ रोज त्यात आहेत. थांब्यावर येतात, दोन-तीन बस सोडून देतात, मग चढतात. का, ते माहीत नाही. सगळा माहितीपट त्यांच्या त्या थांबण्यावर उभा राहील असं आता वाटतंय. कॅमेरा लपवलेला कधीच नव्हता, पण गर्दीत दिसणं वेगळं आणि माहितीपटाचा कणा होणं वेगळं. न विचारता मी त्यांना वापरणार नाही. विचारलं तर कारण कळेल, आणि मग ती दृश्यं मलाच पूर्वीसारखी बघता येणार नाहीत.

फ्रेंच चित्रपटकार ज्याँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये माणसांचं चित्रण केलं, ते त्यांनाच दाखवलं आणि त्यावरची त्यांची मतंही चित्रपटात ठेवली. मला हे फार मोलाचं वाटतं. पण तिथली माणसं जाणूनबुजून सामील झाली होती.

असं काम केलेल्यांनी कृपया सांगा: आधी नुसतं बोललात की थेट फुटेज दाखवलंत? कच्चं की जुळवलेलं? नकार आला तर काय उरलं?

चित्रण सध्या थांबवलंय. थांब्यावर मात्र जाते, कॅमेरा न घेता. परवा त्या माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या. मी बोलले नाही, आधी इथे विचारावं म्हटलं.