मदत हवी आहे: बोर्दो आणि ल्योंहून रेड वाईन आणायची आहे. काय, किती, कशी?

नवखा_पेला
ऑक्टोबरात दोघं फ्रान्सला जातोय. ४ दिवस बोर्दो, ४ दिवस ल्यों, तिथून मुंबई. फ्रेंच रेड वाईन नीट समजून घ्यायची आहे, नुसती बाटली आणून कपाटात मिरवायची नाही. बाटल्यांसाठी बजेट १५० युरो. आतापर्यंत नाशिकची कॅबर्ने आणि शिराझ तेवढी माहीत आहे. अडलंय ते असं: किती बाटल्या आणता येतात? कोणत्या घ्याव्यात? लेबलावरचं काय खरं आणि काय शोभेचं? आणि मुंबईच्या उकाड्यात त्या टिकतील का? बरगंडी प्रदेशातली सर्वांत वरच्या श्रेणीची, म्हणजे ग्राँ क्रू, एखादी या पैशांत बसेल का?

गंधवेडा
शेवटचं आधी. ग्राँ क्रू विसरा. १५० युरोत एखादी कुठेतरी मिळेलही, पण बाकी सगळं सोडून द्यावं लागेल आणि नवख्या जिभेला ती कळणारही नाही.

आता कस्टम्स. माणशी २ लिटर दारू किंवा वाईन शुल्काविना आणता येते. दोघांचा कोटा एकत्र करता येत नाही, त्यामुळे '४ लिटर म्हणजे ५ बाटल्या' हा हिशेब चुकतो. माणशी ७५० मिलीच्या दोनच बसतात आणि अर्धा लिटर वाया जातो. तिथे ३७५ मिलीची अर्धी बाटली घ्यायची. तिला फ्रेंचमध्ये 'दमी' म्हणतात आणि बोर्दोत ती सहज मिळते. २ पूर्ण आणि १ अर्धी, एकूण १८७५ मिली. दोघांच्या मिळून ४ पूर्ण, २ अर्ध्या. खरेदीची यादी याच आकड्यावर बेता.

तांबडा_रस्सा
यादी माझ्याकडून. तत्त्व एकच: मोठ्या गावाच्या नावाची स्वस्त बाटली घेऊ नका, शेजारच्या कमी नावाजलेल्या गावाची चांगली घ्या. २० युरोची 'मार्गो' किंवा 'पोमरोल' दिसली तर तिथे पैसे नावाचे असतात.

बोर्दोत दोन किनारे चाखायलाच हवेत. डाव्या किनाऱ्यावर, म्हणजे मेदोकमध्ये, खडीची जमीन आहे. खडीतून पाणी झरझर निचरतं, दिवसाची ऊब धरून राहते, म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों तिथे तयार होते. उजव्या किनाऱ्यावर चिकणमाती आणि चुनखडी, थंड जमीन, म्हणून लवकर पिकणारी मर्लो. डाव्याकरता मूलिस किंवा लिस्त्राक गावाची, नाहीतर 'क्रू बुर्ज्वा' (मेदोकमधल्या मळ्यांची एक श्रेणी) लिहिलेली एखादी, २० ते २५ युरो. उजव्याकरता फ्रोंसाक किंवा लालांद-द-पोमरोल, १८ ते २२. दोन्ही शक्यतो एकाच सालच्या घ्या, म्हणजे चवीतला फरक हवामानाचा की जमिनीचा हा घोळ उरत नाही. २०१६ किंवा २०१९ मिळालं तर उत्तम. २०१३ टाळा. २०१७ ला एप्रिलच्या हिमानं बऱ्याच बागा मारल्या, तेव्हा त्या सालात निर्माता बघूनच हात घाला.

ल्योंमध्ये रोन नदीच्या खोऱ्यातल्या उत्तर भागाची सिरा: क्रोझ-एर्मिताज किंवा सां-जोसेफ, २० ते २८. ही घ्याच, कारण सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष. नाशिकची चव जिभेवर असल्यानं तुलना आपोआप होईल. बरगंडीसाठी मर्क्युरे, जिव्री किंवा मार्साने, ३० ते ३५. अर्ध्या बाटल्यांत एक मोर्गों, म्हणजे ल्योंजवळच्या बोजोले भागातली हलकी रेड, आणि एक मेदोक.

पाटा_वरवंटा
+१. फक्त बरगंडीबाबत एक भर. तिथे गावापेक्षा आणि शेतापेक्षाही निर्मात्याचं नाव महत्त्वाचं. क्लो द वूझो हे एकच ग्राँ क्रू शेत साधारण ५० हेक्टरचं आहे आणि त्याचे मालक ८० च्या आसपास. भिंत एक, लेबल एक, आत मात्र चांगली, बरी आणि सुमार अशी सगळी वाईन. म्हणून दुकानदाराला 'मर्क्युरे द्या' म्हणू नका, 'मर्क्युरेतला तुमच्या भरवशाचा निर्माता कोणता' असं विचारा.

नवखा_पेला
खूप उपयोगी. लेबलाचं राहिलं. 'ग्राँ व्हां द बोर्दो' लिहिलेली १५ युरोची बाटली ऑनलाइन दिसतेय, म्हणजे ती वरच्या दर्जाची ना?

गंधवेडा
नाही हो. ते शब्द कुणीही छापू शकतं. 'व्हिएय व्हिन्य', म्हणजे जुन्या वेली, यालाही कायदेशीर व्याख्या नाही. किती जुन्या म्हणजे जुन्या, ते मालकाच्या मनावर. बाटली जाड आणि जड असणं हाही दर्जाचा पुरावा नाही, उलट तुमच्या सामानाचं वजन वाढतं.

बघायचं ते हे. 'आपेलास्यों' (कायद्यानं आखलेलं वाईनक्षेत्र) आणि 'कोंत्रोले' या दोन शब्दांच्या मध्ये कोणतं नाव आहे? तिथे नुसतं 'बोर्दो' असेल तर द्राक्षं अख्ख्या प्रदेशातून कुठूनही आलेली असू शकतात. तिथे गावाचं नाव असेल तर क्षेत्र आवळलं. मग 'मी आं बुतेय ओ शातो', म्हणजे मळ्यावरच बाटलीबंद. मग साल. मग मद्यार्काचं प्रमाण: बोर्दोत साडेचौदा टक्के दिसलं तर उन्हाचं साल आणि भरगच्च वाईन, साडेबारा दिसलं तर हलकी. एवढं वाचता आलं की मागच्या बाजूचं काव्य सोडून द्या.

बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ च्या वर्गवारीबद्दल लोक बोलतील. ती डाव्या किनाऱ्याची आहे आणि जवळजवळ जशीच्या तशी चालू आहे. १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्ड या मळ्याची वाईन पहिल्या श्रेणीत गेली, हा ठळक अपवाद. तुमच्या बजेटमध्ये तिचा काही उपयोग नाही.

पाटा_वरवंटा
खरेदी कुठे? विमानतळावर नको, निवड कमी असते. 'काव्हिस्त' म्हणजे वाईनचा स्वतंत्र दुकानदार गाठा. सुपरमार्केटमध्ये सप्टेंबरात 'फुआर ओ व्हां' नावाचा वाईनमेळा असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यातलं काही उरलेलं मिळू शकतं.

करपरतावा म्हणजे 'देताक्स' हवा असेल तर एका दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर लागते. तुमची यादी दोन शहरांत विभागली तर कुठेच तो टप्पा गाठत नाही. सगळं ल्योंत घेतलं तर गाठेल, पण बोर्दोची निवड तिथे तोकडी पडेल. हातात पडणार साधारण १२ टक्के. त्यासाठी बोर्दोची बाटली ल्योंत घेणं मला तरी पटत नाही. घेतलाच, तर विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी शिक्का घ्यायचा. नंतर माल दाखवा म्हणाले तर बॅग विमानाच्या पोटात गेलेली असते.

आणि मळे बघायचे असतील तर आजच ईमेल टाका. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काही ठिकाणी तोडणी चालू असते, पाहुण्यांना वेळ नसतो. मेदोकमधले बहुतेक शातो, म्हणजे वाईनचे मळे, आधी वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाहीत. उजव्या किनाऱ्यावरच्या सां-एमिलियों या वाईनच्या गावाला बोर्दोहून लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत पोचता, गावात दुकानंही भरपूर. ल्योंहून तां-लेर्मिताज या सिराच्या गावाला तासाभरात जाता येतं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर एर्मिताजची टेकडी.

तांबडा_रस्सा
बॅगेत कशा भरायच्या: प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत, मग कपड्यात, सुटकेसच्या मधोमध. चारही बाजूंनी निदान चार बोटं कपडे हवेत आणि काचेला काच लागता कामा नये. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो भरते.

घरी आल्यावर दोन आठवडे हलवू नका. मग उन्हाळ्याआधी संपवा. मुंबईत कपाटातलं तापमान ३० च्या वर जातं, त्यात वाईन काही महिन्यांत शिजते: फळाचा वास मुरंब्यासारखा होतो, आतली वाईन फुगून बूच वर सरकतं, काठावर चिकट ओघळ दिसतो. फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात आडवी ठेवा. वाईनचा छोटा फ्रिज घेणार असाल तर कॉम्प्रेसरचाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिक प्रकार खोलीपेक्षा काही ठरावीक अंशच खाली जातो, मे महिन्यात तो १२ अंशांपर्यंत पोचत नाही.

नवखा_पेला
चाखायची कशी? करंट, सिडार, व्हायोलेट असलं वाचतो, यातलं काहीच कधी हुंगलेलं नाही.

गंधवेडा
मग ते शब्द सोडा, आपले घ्या. कॅबर्नेतल्या काळ्या फळाला जांभूळ आणि करवंद चालतात. मेदोकमधला सुप्रसिद्ध वास म्हणजे शिसपेन्सिल टोकदार करताना येतो तो. ढोबळी मिरचीचा वास आला तर द्राक्ष पुरतं पिकलेलं नव्हतं. सिरात मिरी येते आणि ती कल्पना नाही, रोटंडोन नावाचं तेच संयुग काळ्या मिरीतही असतं. पाचातल्या एखाद्याला ते हुंगताच येत नाही, तेव्हा दोघांपैकी एकाला मिरी आली आणि दुसऱ्याला नाही तर भांडू नका.

टॅनिन म्हणजे तुरटपणा. कच्चा चिकू, जांभळाची साल, जास्त उकळलेला कोरा चहा. लाळेतली प्रथिनं बांधली जातात म्हणून हिरड्या कोरड्या पडतात. आंबटपणाचं उलट, गालांतून पाणी सुटतं. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

पद्धत: ग्लासात ५० मिलीच, जास्त नको. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट म्हणजे तरुण, विटकरी म्हणजे मुरलेली. न हलवता हुंगा, मग गोल फिरवून हुंगा. चमचाभर घोट तोंडात दहा सेकंद. थुंका किंवा गिळा, आणि चव किती वेळ राहते ते मोजा. एका वेळी दोन बाटल्या शेजारी ठेवा, मेदोक आणि फ्रोंसाक ही तुमची पहिली जोडी. उरलेलं रिकाम्या अर्ध्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. हवा नसल्यानं पाचेक दिवस निभावते. अर्धी बाटली आणायला सांगण्याचं हे दुसरं कारण.

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रांचा वास आला तर बुचाचा दोष. हवेनं तो जात नाही, वाढतो.

पाटा_वरवंटा
'रूम टेंपरेचरला प्या' हे युरोपातल्या खोलीचं आहे. मेदोक १७, बरगंडी १५, मोर्गों १३-१४. तीस अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास, किंवा बर्फ आणि पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात नको, काचेला नीट स्पर्श होत नाही.

डिकँटर, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून ती ओतायचं रुंद काचेचं भांडं: तरुण मेदोक तासभर. बूच काढून नुसती ठेवून काही होत नाही, मानेतून हवा लागणार किती? बरगंडीला डिकँटर नकोच.

तांबडा_रस्सा
बरगंडीबद्दल असहमत. तरुण मर्क्युरे कधी कधी सुरुवातीला अगदी बंद असते, म्हणजे वासच येत नाही, अर्धा तास जगमध्ये ओतली तर खुलते. जुनी असेल तर मात्र तुमचं बरोबर.

जेवणाचं: तिखटानं टॅनिन आणि मद्यार्क दोन्ही टोचतात, म्हणून माझ्या नावाच्या पदार्थाबरोबर मेदोक अजिबात नको. पांढरा रस्सा किंवा कमी तिखट सुकं मटण चालेल. तिखट असेल तर गार मोर्गों. तळलेल्या बोंबलाबरोबर यातली कुठलीच नको. वाईनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास वर येतो.

नवखा_पेला
अंतिम यादी: मूलिस २०१९, सां-एमिलियों ग्राँ क्रू २०१९, क्रोझ-एर्मिताज, मर्क्युरे, अर्ध्यांत मोर्गों आणि मेदोक. उजव्या किनाऱ्याची २४ युरोला ग्राँ क्रू दिसली म्हणून फ्रोंसाक बदलली.

गंधवेडा
तिथेच फसगत होते. सां-एमिलियोंमध्ये 'ग्राँ क्रू' हे आपेलास्योंचं नाव आहे, श्रेणीचं नाही. शेकडो मळे ते लावतात. श्रेणी असेल तर 'ग्राँ क्रू क्लासे' असं लिहिलेलं असतं, आणि ती २४ ला सहसा मिळत नाही. फ्रोंसाक परत घ्या.