मानवतला (जि. परभणी) ४० हजारांत डेस्कटॉप जोडायचाय, कोटेशन बघून सांगा

शिवारवाट

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीनं सिव्हिल डिप्लोमाला प्रवेश घेतलाय, तिला ऑटोकॅड लागणार. मला मोबाईलवर शूट केलेले दहा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ एडिट करायचेत. गेम कोणी खेळत नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहेत, मॉनिटरला एचडीएमआय आहे. बाकी सगळं ४० हजारांत बसवायचं.

एका दुकानातून कोटेशन आणलंय: कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), काचेचं आरजीबी कॅबिनेट. एकूण २४ हजार. दुकानदार म्हणायलाय, आय७ आहे, दहा वर्षं बघायचं काम नाही.

आमच्याकडं रात्री शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज १७०-१८० वर येतं. घरात इन्व्हर्टर आहे. मे महिन्यात खोलीत पारा ४० च्या वर जातो. हे सगळं धरून काय घ्यावं?

दुधनाकाठ

भाऊ, नुसत्या 'आय७'वरून काही कळत नाही, पुढचा आकडा विचारा. या भावात बहुतेक आय७-३७७० निघेल. तो २०१२ चा प्रोसेसर आहे: ४ कोअर, डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड. असे सेट सर्रास विकले जातात. बोर्ड नव्या खोक्यात, कुठल्यातरी अनोळखी छापाचा. प्रोसेसर जुन्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेला. ४ जीबी ग्राफिक्स कार्ड म्हणजे बहुधा जीटी ७३०, तेही २०१४ चं. कार्डावर ४ जीबी मेमरी असली म्हणून ते वेगवान होत नाही.

मोठी अडचण विंडोजची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, ३७७० तिसऱ्या पिढीचा आहे. आडमार्गानं टाकून देतात, पण पुढचे मोठे अपडेट कधी अडतील याचा नेम नाही. आणि ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे विंडोज हवंच.

तुमच्या कामाला मी आय५-१२४०० सुचवीन. ६ कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). नावाच्या शेवटी 'एफ' नको. १२४००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. कार्ड न लावता मॉनिटर जोडला तर पडदा काळाच राहतो. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून एका कोअरचा वेग महत्त्वाचा. डिप्लोमाच्या टूडी ड्रॉइंगला आणि साध्या थ्रीडीला आतलं यूएचडी ७३० ग्राफिक्स पुरतं. व्हिडिओ कापताना त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओचं काम झटपट करणारी सोय) कामाला येतं.

बोर्ड एच६१० चिपसेटचा, चांगल्या कंपनीचा. हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. बिल करण्याआधी खोक्यावर वाचा. एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट असतात. म्हणून गेम नसतील तर ८-८ च्या दोन पट्ट्यांऐवजी १६ ची एक पट्टी घ्या, पुढे दुसरी १६ ची लावता येईल. एका पट्टीवर सिंगल चॅनेल राहतं, डीडीआर४-३२०० ला सेकंदाला ५१.२ ऐवजी २५.६ जीबी बँडविड्थ मिळते. गेममध्ये हा फरक ठळक दिसतो, टूडी ड्रॉइंगमध्ये फारसा जाणवत नाही.

एसएसडी एनव्हीएमई (जलद प्रकारची), ५०० जीबी किंवा १ टीबी. एच६१० चा एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती जागा) पीसीआयई ३.० चा, म्हणजे बोर्डावरच्या डेटाच्या रस्त्याच्या तिसऱ्या पिढीचा असतो, त्यामुळे चौथ्या पिढीच्या एसएसडीला जास्त पैसे मोजून उपयोग नाही. टीएलसी प्रकारच्या मेमरीची बघा. क्यूएलसी स्वस्त असते, पण मोठ्या व्हिडिओ फाइल ओतल्या की कॅशे (तात्पुरती जलद जागा) भरल्यावर तिचा वेग एकदम पडतो.

निम्मे पैसे प्रोसेसर आणि बोर्डात जातील. रॅम-एसएसडीचे भाव आठवड्यागणिक हलतात. ते चढले असतील तर प्रोसेसर आय३-१२१०० वर आणा (४ कोअर, ८ थ्रेड, तोही एफ नको), पण रॅम ८ वर आणू नका. एसएमपीएसमधले पैसे तर अजिबात काढू नका.

पूर्णा_पीसी

एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर पण बघा की. सहा कोअर, आतलं वेगा ग्राफिक्स यूएचडी ७३० पेक्षा बरंच दमदार. उद्या बहिणीनं थोडं थ्रीडी रेंडरिंग किंवा घरच्या पोरांनी हलका गेम लावला तर कार्डाशिवाय निभावतं. त्याला मात्र रॅमच्या दोन पट्ट्याच हव्यात, नाहीतर त्या वेगा ग्राफिक्सचं काही चीज होत नाही. बी४५० बोर्ड घेतला तर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) ५००० मालिकेसाठी अपडेट केलाय का हे दुकानातच चालू करून बघा.

दुधनाकाठ

गेम खेळणार असते तर मीही ५६००जी म्हणालो असतो. पण त्याची पीसीआयई ३.० ची आहे. पुढे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं (डेटाचे चारच मार्ग असलेलं) ग्राफिक्स कार्ड लावलं तर ३.० वर ते अडखळतं. इथं ऑटोकॅड आणि एडिटिंग आहे, १२४०० च बरा.

तेरणाकाठची

प्रोसेसरवर चर्चा झाली, आता लाईटचं बघू. आपल्याकडं मशीन मरतं ते बहुतेक तिथंच.

कोटेशनमध्ये '४५० वॅट' लिहिलंय त्याला अर्थ नाही. एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. खऱ्या ४५० वॅटच्या युनिटला ३५ च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे ४२० वॅट. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या युनिटवर १५-१६ अँपिअर दिसले तर ते जेमतेम १९० वॅटचं आहे. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट ओढतो, बाकी बोर्ड, एसएसडी, पंखे धरून १६० च्या आत बसतं. तरीही खरं ४५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) घ्या. पुढे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड लावलं तर एसएमपीएस बदलावा लागणार नाही.

त्याच स्टिकरवर इनपुट बघा. काहींवर २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १००-२४०. तुमच्याकडं १७० होत असेल तर १००-२४० चाच घ्या. २०० च्या खाली पहिला प्रकार मशीन मध्येच बंद पाडतो, आणि दुकानदार रॅम बदलत बसतो.

इन्व्हर्टर: मागं यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला काही मिलिसेकंद लागतात. एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडला निभावतं, इको मोडला वेळ जास्त लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज सुधारून घेणारं सर्किट असलेला) एसएमपीएस त्यावर गुणगुणतो किंवा बंद पडतो. प्युअर साइन वेव्ह (मुख्य लाईनसारखी गुळगुळीत लहर) असेल तर प्रश्न नाही.

वेगळा ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज स्वतः सावरणारा) यूपीएस घेतला तर उत्तमच. हा साधारण ३६० वॅटचा असतो, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, तासभर काम करायला नाही. त्याची इनपुट रेंज १४० पासून सुरू होते का बघा, म्हणजे पंपांच्या वेळी तो सारखा बॅटरीवर जाणार नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या मागं हा यूपीएस लावू नका; त्याला ती लाईट ओळखू येत नाही, नुसता टीं टीं करत बॅटरी संपवतो.

आता अर्थिंग. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं आणि हात लावला की चुणचुणतं. करंट अगदी कमी असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबी लावता-काढताना तोच पोर्ट घालवतो. मल्टिमीटरवर न्यूट्रल-अर्थिंग २-३ व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थिंग २३० दिसलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, सैल वायरवरही डिजिटल मीटर आकडा दाखवतो. वायरमन १०० वॅटचा साधा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून बघतो. मंद पेटला तर अर्थिंगचा खड्डा कोरडा आहे. ही तपासणी त्यालाच करू द्या, आणि तेवढ्या वेळात फ्रिज, मोटार, कूलरला कोणी हात लावू नये, कारण अर्थिंग खराब असेल तर त्यांच्या बॉडीत करंट उतरतो.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यातल्या रॉडपासून सुटते. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होतं ते त्यामुळं. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडण्याचा शॉर्टकट कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा; खांबावर न्यूट्रल तुटला की घरातली प्रत्येक बॉडी जिवंत होते.

शिवारवाट

ताई, दादा, लै मोलाचं सांगितलंत. आय५-१२४००, एच६१० डीडीआर४, १६ ची एक पट्टी, १००-२४० चा एसएमपीएस असं ठरवतोय. घरी जोडणं जमेल का? स्क्रू ड्रायव्हर सोडून काही नाही.

बालाघाट_बोर्ड

जमेल. फिलिप्सचा चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर पुरे. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, त्याच्यावरचा कूलर (पंखा), रॅम, एसएसडी बसवा आणि एकदा चालू करून बघा. पार्ट खराब निघाला तर सगळं पुन्हा उसकटावं लागत नाही.

प्रोसेसरच्या या सॉकेटमध्ये (बसायच्या जागेत) पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणा, वरून सरळ ठेवा, दाबू नका. लिव्हर बंद करताना करकर आवाज येतो आणि वरचं काळं प्लास्टिक उडतं, दोन्ही ठीक आहे. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना नसेल तर परत करतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते कूलरला. बॉक्स पॅकसोबत येणाऱ्या इंटेल कूलरला चार पुश-पिना असतात आणि पेस्ट आधीच लावलेली असते. समोरासमोरच्या तिरप्या दोन एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. बोर्ड उलटा करून चारही पिनांची टोकं मागून पूर्ण बाहेर आलीत का बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान काही सेकंदांत १०० वर जातं आणि प्रोसेसर स्वतःचा वेग पाडतो. लोक मग विंडोजला दोष देत बसतात.

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकायचे खुंटे) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. भोक नसलेल्या जागी एखादा राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. चोवीस पिनांची मोठी केबल लावली तरी प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली वेगळी केबल (४+४) राहून जाते. मग पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. डिस्प्ले नाही आला तर आधी हीच बघा, मग रॅम काढून दोन्ही टोकं टक होईपर्यंत पुन्हा दाबा. पॉवर स्विचच्या पिना उलट्या लागल्या तरी चालतं, एलईडीच्या उलट्या लागल्या तर दिवा पेटत नाही, एवढंच.

चालू झाल्यावर बायोसमध्ये तीन गोष्टी: रॅम ३२०० वर दिसते का, पीटीटी चालू आहे का (विंडोज ११ ला तोच टीपीएम), आणि पीएल१ (प्रोसेसरनं सतत ओढायच्या विजेची मर्यादा) ६५ वॅटवर ठेवा. काही बोर्ड ही मर्यादा मोकळी सोडतात, मग आपल्या उन्हाळ्यात छोटा कूलर दमतो. ऑटोकॅडसाठी विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स एक वर्षाचं मोफत मिळतं आणि नूतनीकरण होतं. बहिणीला कॉलेजच्या कागदपत्रांवरून अर्ज करू द्या.

दुधनाकाठ

कॅबिनेटचं राहिलं. समोर काचेचा सलग पत्रा असलेलं नको, जाळीचं घ्या. खोली जितकी तापते तितकीच चिपही वर सरकते. २५ अंशाला ६० वर चालणारा प्रोसेसर ४२ अंशाला ७७ च्या घरात असतो. समोरून आत ओढणारे १२० मिमीचे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही, फिल्टरमधूनच येते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात माल साठवत असाल तर फिल्टरवर तंतूंचा थर बसतो, महिन्याला झटकायलाच लागतो.

एअर कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब बोर्डावर वाळतात आणि मागं क्षार उरतात. जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून थोडं पुढे ठेवा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा, आणि नेट तांब्याच्या केबलनं येत असेल तर लॅनची वायरही. वीज त्या वाटेनंही बोर्डात शिरते.

आणि बिल जीएसटीचं, पार्टनिहाय सिरीयल नंबर लिहिलेलं घ्या. प्रोसेसर बॉक्स पॅकच मागा. बॉक्स पॅकला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते, ट्रे मालाला (खोक्याविना सुट्या प्रोसेसरला) फक्त दुकानदाराचा शब्द.