मोपा ते दाबोळी: दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा?

नागपूरचे प्रवासी:
आमची मुलगी आखातात नोकरीला आहे आणि पुढील महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे जाण्याचा विचार करीत आहोत. नागपूरहून येणारे सोयीचे विमान सकाळी ११ वाजता गोव्यातील मोपा विमानतळावर उतरते आणि पुढचे विमान दुपारी ४ वाजता गोव्यातीलच दाबोळी विमानतळावरून सुटते. नकाशावर दोहोंतील अंतर जेमतेम ४० किलोमीटर दिसते. तिकिटे स्वतंत्र असतील आणि सामान बरेच असेल. पाच तास पुरतील का?

म्हापसेकर:
४० किलोमीटर हे सरळ रेषेतले अंतर झाले. रस्त्याने ते ६० ते ६५ किलोमीटर भरते, कारण मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, तर दाबोळी वास्कोजवळ, आणि वाटेत शापोरा, मांडवी व जुवारी या तिन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ लागला की कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, बांबोळी, कुठ्ठाळी असे जावे लागते आणि कुठ्ठाळीहून वास्कोकडे वळावे लागते. रस्ता मोकळा असल्यास दीड तास लागतो. जुवारीवरील नवा पूल झाल्यापासून तिथल्या कुप्रसिद्ध रांगा संपल्या, परंतु पर्वरीत उड्डाणमार्गाचे काम सुरू झाल्यापासून त्या टप्प्याचा भरवसा उरलेला नाही. मी स्वतः दोन तास धरूनच निघतो.

तिकीट व्यावसायिक, पणजी:
रस्त्यापेक्षा मला आपल्या स्वतंत्र तिकिटांची चिंता अधिक वाटते. पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी सामान्यतः त्याची जबाबदारी घेत नाही. शिवाय मोपाला सामान ताब्यात घेऊन दाबोळीला ते पुन्हा सोपवावे लागेल. हिशेब असा: ११ वाजता उतरून सामानासह बाहेर पडायला पाऊण तास आणि रस्त्याला दोन तास, म्हणजे पावणेदोन. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे १ वाजता पोहोचावे असे सांगतात आणि सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणतः तासभर आधी बंद होते. नागपूरचे विमान एक तास उशिरा आले, तरी आपल्या हाती फक्त पंधरा मिनिटे उरतात. हे तिकीट मी माझ्या ग्राहकाला काढून दिले नसते.

नागपूरचे प्रवासी:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. आदल्या दिवशी येऊन वास्कोला मुक्काम केला तर चालेल का? आणि मोपाहून बस मिळते का?

म्हापसेकर:
मुक्काम हाच उत्तम मार्ग, काका. कदंब महामंडळाची बस मोपाहून पणजीपर्यंत येते आणि पणजीच्या स्थानकावरून वास्कोच्या गाड्या मिळतात, पण एवढ्या सामानासह गाडी बदलण्यापेक्षा टर्मिनलमधील खिडकीवर टॅक्सी ठरवून थेट वास्को गाठावे.

तिकीट व्यावसायिक, पणजी:
त्याआधी मोपाहूनच आखाताकडे जाणारे विमान मिळते का, हे पाहा. २०२३ च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून काही कंपन्यांनी आपली उड्डाणे तिकडे हलवली आहेत. तिकीट काढताना ‘गोवा’ या नावावर न जाता संकेताक्षरे तपासावीत: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. परतीच्या तिकिटालाही हेच लागू आहे, कारण जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असे अनेकदा घडते.