नेट दिवसभर चालू हवं आणि बॅटरीही संध्याकाळपर्यंत पुरायला हवी, काय करू?

पोलादपूरकर
मंडळी, सल्ला हवाय. महाड–पोलादपूर–खेड पट्ट्यात दुकानांच्या ऑर्डरी घेण्याचं काम आहे. सकाळी ७ ला १०० टक्के, दुपारी ४ ला २०. फोन ५जी, ५००० एमएएच, दीड वर्ष जुना. सिम दोन: कामाचं (नेट यावरच) आणि घरचं (बँकेचे ओटीपी यावर). व्हॉट्सॲप, ऑर्डरचं ॲप आणि यूपीआय दिवसभर लागतं, म्हणून "नेट बंद ठेवा" हा सल्ला कृपया नको. स्क्रीन जेमतेम अडीच तास चालू असते. पॉवर बँक घेऊ की आणखी काही उपाय आहे?

झंप्या३२
नको म्हणालात तरी सांगतो. नेट बंद ठेवायचं, दुकानात शिरलं की चालू करायचं. बॅटरी रात्रीपर्यंत जाते.

शेवटची_काडी
झंप्या, त्यांना ऑर्डर आणि पैसे आल्याचा मेसेज वेळेवर हवाय. शिवाय नेट चालू केल्या क्षणी मेल, व्हॉट्सॲप, फोटो बॅकअप, सगळे एकदम धावतात. तासातून सहा वेळा बंद-चालू केलंत तर सहा वेळा तीच झुंबड. अर्धा-पाऊण तास नेट लागणारच नसेल तर बंद करण्यात अर्थ आहे, एरवी नाही.

पोलादपूरकर, आधी हिशोब बघा. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास. नऊ तासांत ८० टक्के गेले म्हणजे १५ वॅट-तास. अडीच तासांची स्क्रीन जास्तीत जास्त पाच खाईल. उरलेले दहा फोन खिशात असताना गेले, म्हणजे तासाला आठ टक्के. चांगल्या रेंजमध्ये खिशातला फोन तासाला एक टक्क्याच्या आसपास घेतो. तेव्हा नेट चालू आहे एवढ्यानं हे होत नाही.

पहिला संशय रेंजवर. काड्या बघू नका, आकडा बघा. सेटिंग्ज > फोनबद्दल > सिम स्टेटस > सिग्नल स्ट्रेंथ. दोन सिम असतील तर दोन वेगळी पानं दिसतील. ४जीवर उणे ८० ते ९० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११० च्या पलीकडे बॅटरी जळायला लागते, उणे १२० ला रेंज असून नसल्यासारखी. हे माप सरळ रेषेत चालत नाही. दर १० ला सिग्नल दहा पटींनी घटतो. उणे ८५ आणि उणे ११५ यांत हजार पटींचा फरक आहे, आणि काड्यांमध्ये तो चारच्या जागी एक एवढाच दिसतो.

टॉवर फोनला सांगतो, "ऐकू येत नाही, जोरात बोल." फोन आवाज वाढवत नेतो. ४जीवर साधारण २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॅट, ही त्याची कमाल. तेवढं हवेत टाकण्यासाठी आतला ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कित्येक पट ओढतो, बाकीची उष्णता. त्यात डेटाचं पाकीट पोचलं नाही की तेच पुन्हा पाठवायचं. घाटात खिशातला फोन गरम लागतो तो यामुळे.

रेंज पूर्ण गेली तर प्रकार आणखी वाईट. फोन एकेक बँड (लहरींचा पट्टा) चाचपत टॉवर शोधत बसतो. कशेडीच्या बोगद्यासाठी काही करायची गरज नाही, तो दोन मिनिटांत संपतो. पण एखाद्या वाडीत रेंज शून्य आहे आणि तिथे तासभर थांबणार आहात, तर सरळ फ्लाइट मोड. तसेही तिथे फोन येणार नाहीत.

पोलादपूरकर
आत्ता खेडमध्ये बघितलं. कामाचं सिम उणे ९४, घरचं उणे ११८.

शेवटची_काडी
मग एक चोर सापडला. दोन सिमच्या फोनमध्ये नेट एकाच सिमवर असलं तरी दुसरं सिम झोपत नाही. त्याच्याही टॉवरला हजेरी द्यावी लागते, रेंज कच्ची असेल तर शेजारचे टॉवर सतत मोजावे लागतात. दिवसा घरचं सिम बंद करा: सेटिंग्ज > सिम > ते सिम > "हे सिम वापरा" बंद. काढायची गरज नाही. ओटीपी हवा असेल तेव्हा आधी सिम चालू करा, रेंज आली की मगच ओटीपी मागवा. उलट केलंत तर मेसेज येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. घरचे फोन चुकू नयेत म्हणून बंद करण्याआधी त्या सिमचं कॉल फॉरवर्डिंग कामाच्या नंबरवर लावा, तेही कॉल ॲपच्या सेटिंग्जमधूनच. कुणी फोनवर सांगितलेला कोड दाबून लावू नका, फसवणूक तशीच होते.

तांबडीमाती
५जीबद्दल कुणीच बोललं नाही. जिथे ५जी पक्कं आहे तिथे ते ठेवा, हरकत नाही. पण महामार्गालगत जिथे ते येतं-जातं तिथे फोन दिवसभर वर-खाली उड्या मारतो. शिवाय ५जी दोन पद्धतीचं असतं. जिओनं सुरुवातीपासून स्वतंत्र ५जी उभं केलं. एअरटेलनं सुरुवात ४जीच्या खांद्यावर बसवलेल्या ५जीनं केली, त्यात डेटा चालू असताना फोनला ४जी आणि ५जी असे दोन्ही रेडिओ (फोनमधले सिग्नल घेणारे-पाठवणारे भाग) जागे ठेवावे लागतात. व्हॉट्सॲप आणि ऑर्डरच्या ॲपला ४जी पोटभर पुरतं.

सेटिंग्ज > नेटवर्क आणि इंटरनेट > सिम > प्राधान्य दिलेला नेटवर्क प्रकार > ४जी. सॅमसंगमध्ये हे कनेक्शन्स > मोबाइल नेटवर्क्स > नेटवर्क मोडमध्ये आहे.

अडचण एकच: बऱ्याच प्लॅनमध्ये अमर्याद डेटा फक्त ५जीवर मिळतो. ४जीवर आलात की रोजचा ठरावीक जीबीचा कोटा मोजायला सुरुवात होते. व्हिडिओ बघणार असाल तर घरी परत ५जी लावा.

झंप्या३२
मग \*#\*#४६३६#\*#\* दाबून छुप्या मेनूत "एलटीई ओन्ली" (फक्त ४जी) करून टाका की. उड्याच बंद.

तांबडीमाती
अजिबात नको. व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) नीट सुरू नसेल तर फोन लागणारही नाहीत, येणारही नाहीत, आणि तुम्हाला कळणारही नाही. कारण एअरटेल किंवा व्हीआयचं सिम एरवी कॉलसाठी २जीवर उतरतं, तो रस्ताच तुम्ही बंद केलेला असतो. उलट बाजूनं, बॅटरी वाचवायला जिओचं सिम "फक्त २जी" वर टाकणारेही भेटतात. जिओकडे २जी नाहीच, सिम गप्प पडतं. त्या कोडचा मेनू आकडे वाचायला वापरा, बदल नेहमीच्या सेटिंग्जमधून करा.

सोल्डरवाला
२० टक्क्यांवर फोन अचानक बंद पडतो का? विशेषतः घाटात, बोलताना?

पोलादपूरकर
दोनदा झालंय. १५-१६ टक्के दाखवत होता आणि गेला.

सोल्डरवाला
म्हणजे बॅटरीही थोडी थकलीय. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. कमी रेंजमध्ये रेडिओ एकदम करंट ओढतो, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, फोनला वाटतं संपली. चार्जरला लावला की लगेच १३-१४ टक्के दाखवतो, ही त्याची खूण.

बदलायच्या आधी दोन गोष्टी बघा. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसत असेल तर आकडा ८० च्या खाली आहे का. आणि फोन काचेवर पालथा ठेवून कोपऱ्याला हलकेच ढकला. पूर्वी नव्हता आणि आता भोवऱ्यासारखा फिरायला लागला असेल, किंवा स्क्रीनच्या कडेला फट दिसत असेल, तर बॅटरी फुगलीय. तो फोन चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, थेट सर्व्हिस सेंटर. फुगली नसेल तर घाई नाही.

गाडीच्या हँडलला फोन लावून, उन्हात, मॅप चालू ठेवून, वर चार्जिंग, असं करता का? बॅटरीला याइतकं वाईट काही नाही. गरम झाला की फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो, लोक म्हणतात केबल खराब. हँडलच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्येच दिलाय. फोन बॅगेत, आवाज कानात.

तांबडीमाती
मॅपसाठी गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर जाऊन "ऑफलाइन नकाशे" मधून महाड ते खेड हा चौकोन वायफायवर उतरवून ठेवा. रेंज नसताना गाडीचा रस्ता दाखवतो, वाहतूक कोंडी मात्र दाखवत नाही. पायी रस्ता ऑफलाइन मिळत नाही.

बाकी ॲपांचं बघा. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज आणि डेटा > मोबाइल डेटा वापरताना > चारही खुणा काढा, ग्रुपवरचे सुप्रभात आपोआप उतरणार नाहीत. चॅट बॅकअप फक्त वायफायवर, फोटोंचा बॅकअपही तसाच. मग डेटा सेव्हर चालू करा आणि "अनिर्बंध डेटा" यादीत फक्त व्हॉट्सॲप, ऑर्डरचं ॲप आणि यूपीआयचं ॲप टाका. नेट चालू राहतं, पण मागच्या मागे फक्त या तिघांना मिळतं.

शाओमी, रिअलमी, विवो यांपैकी फोन असेल तर या तिघांना ऑटोस्टार्ट द्या आणि बॅटरी "निर्बंध नाहीत" वर ठेवा. नाहीतर फोन त्यांना परस्पर झोपवतो आणि स्क्रीन उघडल्यावर अर्ध्या तासाचे मेसेज एकदम कोसळतात. लोक नेटला शिव्या घालतात, दोष या सेटिंगचा असतो.

पोलादपूरकर
बॅटरी वापराच्या यादीत वरून दुसरं एक ॲप आहे, ऑफिसनं टाकायला लावलेलं. आम्ही कुठे फिरतोय ते त्यांना दिसतं. ते काढता येणार नाही.

शेवटची_काडी
हे सुरुवातीलाच सांगायचं होतंत हो! मोठा चोर हाच.

ॲप किती एमबी पाठवतं हा प्रश्नच नाही, किती *वेळा* पाठवतं ते बघा. ४जीवर एक छोटं पाकीट गेलं की टॉवर जोडणी लगेच तोडत नाही, आणखी काही येईल म्हणून साधारण दहा सेकंद धरून ठेवतो. तोवर रेडिओ जागा. समजा ॲप दर मिनिटाला लोकेशन पाठवतं. नऊ तासांत ५४० हाका, प्रत्येकी दहा सेकंद, झाला दीड तास. दर १५ मिनिटांनी पाठवलं तर ३६ हाका, म्हणजे सहा मिनिटं. डेटा दोन्हीकडे किरकोळच. त्यात दर मिनिटाला जीपीएस उठवायचं म्हणजे प्रोसेसरलाही झोप नाही.

ऑफिसच्या ॲपवाल्यांना नेमक्या या तीन गोष्टी विचारा:
– लोकेशनचं अंतर १० किंवा १५ मिनिटं करता येईल का, किंवा अमुक मीटर हललं तरच पाठव असं लावता येईल का?
– रेंज नसताना नोंदी फोनमध्ये साठवून नंतर एकगठ्ठा पाठवतं का, की पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं?
– सुट्टीच्या वेळी, कामाचे तास संपल्यावर बंद होतं का?

बहुतेक ॲपांत पहिली सोय ऑफिसच्या बाजूनं दोन मिनिटांत बदलण्यासारखी असते. "माझी बॅटरी उतरते" म्हणू नका, "चारला फोन बंद पडला की पुढचं लोकेशनही नाही आणि ऑर्डरीही नाहीत" असं सांगा. लगेच ऐकतात.

त्या ॲपलाही डेटा सेव्हरच्या "अनिर्बंध डेटा" यादीत घ्यावं लागेल. आणि फोनचा बॅटरी सेव्हर दिवसभर लावू नका. काही फोनमध्ये त्यात स्क्रीन बंद झाल्यावर लोकेशन थांबतं, तुमची गैरहजेरी लागेल.

आजोळ_गुहागर
आयफोनला यातलं काय लागू?

तांबडीमाती
मोबाइल डेटा > पर्याय > व्हॉइस आणि डेटामध्ये एलटीई. जनरल > बॅकग्राउंड ॲप रिफ्रेशमध्ये फक्त गरजेची ॲप. मेल फेच दर तासानं. व्हॉट्सॲपचे मेसेज बॅकग्राउंड रिफ्रेश बंद असला तरी येतात, तो रस्ता वेगळा.

पोलादपूरकर
घरचं सिम दिवसा बंद, फोन ४जीवर, ऑफिसला मेल टाकली. तरी पॉवर बँक घ्यायची झाली तर १०००० पुरे की २००००?

सोल्डरवाला
१०००० पुरे. डब्यावरचा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टला. फोनसाठी तो ५ व्होल्टवर चढवताना कमी होतो आणि थोडं गळतंही. हातात ५५०० ते ६५०० येतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" असते, खरा आकडा तो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली आर-नं सुरू होणारा क्रमांक नसेल तर घेऊ नका. २०००० वाली रोज पाठीवर वागवायची म्हणजे जवळजवळ दुप्पट वजन.

चार्जिंगला लावायची वेळही ठरवा. २० टक्क्यांवर, घाटात, खिशात दोन्ही एकत्र गरम करण्यापेक्षा जेवायला बसाल तेव्हा सावलीत, ५० टक्क्यांवर असताना अर्धा तास लावा. आणि केबल हातभराची घ्या. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, फोन "चार्जिंग" दाखवतो आणि टक्का हलत नाही.