उपवासाला अमेरिका चालते का?

खमंग_काकडी
आज एकादशी. दाण्याचं कूट करताना मोठ्या आत्याची आठवण आली. कॉलेजात असताना मी तिला ऐकवलं होतं, आत्या, तुझा अख्खा फराळ अमेरिकेतून आलाय. साबुदाणा होतो तो कसावाचा कंद तिकडचा, बटाटा तिकडचा, शेंगदाणे, रताळं, हिरवी मिरचीसुद्धा. कोलंबसाच्या आधी यातलं काहीच इथे नव्हतं, बरंचसं पोर्तुगीजांनी आणलं.
खिचडी परतता परतताच तिनं विचारलं, "मग माउली एकादशीला काय खायचे?"
मी गप्प.
"निर्जळी करत असतील. पुढच्या एकादशीपासून तूही कर."
तुम्ही कुणाला असली अचाट माहिती सांगितली आणि पुढे काय झालं, लिहा. नुसती माहिती नको, घरात वाद झालेला हवा.

वरणफळ
वरी आणि शिंगाडा होते की इथे, माउलींचं काही अडलं नसेल. राजगिराही मेक्सिकोकडचा बरं का. लाडू अर्धा खाऊन झाल्यावर कळलं. उरलेला अर्धाही खाल्ला.

स्मिता_ठाणे
आमच्याकडे उपवासाला कोथिंबीर चालते, सासरी नाही. का ते कुणी सांगेल का?

वरणफळ
स्मिताताई, हा विषय नको. लग्नं मोडतील.

गिरगावची_सून
लग्नावरून आठवलं. सासूबाईंचा जन्म गिरगावातला, १९५० च्या आसपासचा. हौस म्हणून पत्रिका दाखवायला गेलो तर गुरुजी विचारतात, "वेळ बॉम्बे टाइम की स्टँडर्ड?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं मागे होतं! १९०६ ला प्रमाणवेळ आली, मुंबईकरांनी दाद दिली नाही, आणि काही ठिकाणी हा प्रकार १९५५ पर्यंत चालला. आता सासूबाईंचं म्हणणं, पत्रिका चुकीच्या वेळेवर जुळवली, म्हणूनच हे सगळं. सासरे पेपरमागून म्हणाले, "मग आता काय, परत करायचंय का मला?"

चिंतू
म्हणजे मुंबईकर तेव्हापासूनच उशिरा 😄

गिरगावची_सून
पुणेकरांनी दुपारी एक ते चार बोलू नये.

रूळ_सोडून
वडील रेल्वेत होते, ते नवापूरचं सांगायचे. नंदुरबार जिल्हा, सुरत-भुसावळ मार्ग. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तर तिकडे. एका बाकावर तर मधोमध हद्द रंगवलीय. मुलाला घेऊन गेलो, तो गुजरातेत बसला, मी महाराष्ट्रात, शेंगा सीमेवर. बायको फोटो काढेना, म्हणाली लोक बघतायत.

चिंतू
तिकडे दारूबंदी ना? म्हणजे पिशवीत बाटली असली तर फलाटाच्या कुठल्या टोकाला उभं राहायचं हे पाठ पाहिजे.

आवळासुपारी
स्टेशनांचा विषय निघालाच आहे तर. "एकाच जागी दोन स्टेशनं, रुळाच्या अलीकडे श्रीरामपूर, पलीकडे बेलापूर" हे व्हॉट्सॲपवर फिरतं ना? माझं माहेर श्रीरामपूर. गाव श्रीरामपूर, स्टेशन बेलापूर, आणि ते एकच आहे!! तरी एक काका मलाच ते पाठवत राहतात, खाली "अभिमान आहे". आत्तेभाऊ तर एकदा नवी मुंबईतल्या बेलापूरला उतरून फोनवर विचारत होता, गाडी पाठवताय ना?

खमंग_काकडी
😂😂 मग?

आवळासुपारी
मग काय, वडापाव खाऊन परत दादरला. थांबा, दूध उतू जातंय.

कृष्णाकाठ
आमच्या वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, आणि १७०७ साल. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यातली ही. नाशिकची नारोशंकराची पण तशीच. आजी नमस्कार करायची घंटेला. मी सांगितलं कोण आहे त्यावर. आजी म्हणाली, लेकुरवाळी आहे ना, झालं तर.

स्मिता_ठाणे
आजी ❤️

मेहकरकर
लोणार आमच्या शेजारी. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या मावशीला फोटो पाठवला. "एडिट केलायस." व्हिडिओ पाठवला. "तोही केलायस." शेवटी पुण्यातल्याच आघारकर संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग, पाणी आटून खारटपणा वाढला की ते फोफावतात. तेव्हा कुठे बाईंना पटलं. उल्का पडून झालेला पावणेदोन किलोमीटरचा खड्डा आमच्या दारात, आणि प्रमाणपत्र पुण्याचं लागतं.
तिथे सासू-सुनेची विहीर पण आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट म्हणतात.

गिरगावची_सून
गोड कुणाचं?

मेहकरकर
गाइडला विचारलं होतं. म्हणाला, "सोबत कोण आलंय त्यावर सांगतो."

वरणफळ
मुलांना घेऊन जमेल का? खाली उतरता येतं?

मेहकरकर
येतं. सकाळी लवकर जा, चढताना दम लागतो. पाणी घरून न्या, तळ्याचं पिण्यासारखं नाही. जालन्याहून येत असाल तर सिंदखेडराजा वाटेतच, जिजाऊंचा वाडा बघून घ्या.

वरणफळ
आणि जेवायचं कुठे? एकादशी नसलेला दिवस धरून सांगा.