आपल्यामुळे कुणाचं काय बरं झालं, हे कसं ओळखता? (अनुभव धागा)

आपल्यामुळे कुणाला त्रास झाला की ते लगेच कळतं. तक्रार येते, निदान चेहरा तरी पडतो. उपयोग झाला तर मात्र माणूस पुढच्या कामाला लागतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे कळून घ्यायच्या तुमच्या पद्धती इथे लिहा. आठवणी नकोत, काय करायचं आणि ते कुठे फसतं, तेवढं सांगा.

समुपदेशक
साधी वही घ्या, चार रकाने आखा : तारीख, मी काय केलं, समोरच्याचं काय बदललं, हे कशावरून कळलं. खरं काम चौथ्या रकान्याचं. ‘तिला बरं वाटलं असावं’ ही नोंद नव्हे. ‘पुढच्या वेळी तिने अर्ज न विचारता स्वतः भरला’ ही नोंद. पुरावा नसेल तर रकाना कोरा ठेवा, महिन्याभराने पुन्हा बघा. बऱ्याच गोष्टी उशिरा उमटतात.
२००६ मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना आठवडाभर आपण केलेल्या चांगुलपणाच्या गोष्टी फक्त मोजायला सांगितलं होतं. तेवढ्यानेही त्यांच्या समाधानात वाढ दिसली. फसतं कुठे? वहीची उधारीची खातेवही होते. ‘त्याने परत काय केलं’ असा पाचवा रकाना डोक्यात आला की वही काही दिवस बाजूला ठेवा.

प्रशिक्षक, नोकरदार गटांसाठी
मिशिगन विद्यापीठात तयार झालेला एक सराव मी सगळ्यांना करायला लावते. दहा ते वीस जणांना विचारायचं, प्रत्येकाकडून तीन प्रसंग मागायचे. माणसं एकाच गोटातली नकोत : घरचे, आजचे सहकारी, जुन्या नोकरीतले, शाळेपासूनचे मित्र. प्रश्नाचे शब्द महत्त्वाचे. ‘मी कशी आहे?’ विचारलंत तर ‘प्रेमळ, मेहनती’ असली विशेषणं येतात, त्यांचा उपयोग शून्य. असं लिहा : ‘माझ्या एखाद्या वागण्याचा तुला खरोखर उपयोग झाला असेल, तर तो प्रसंग चार ओळींत लिहिशील का? मी काय केलं आणि त्यानंतर तुझं काय झालं, एवढंच. दोन आठवड्यांत दिलंस तरी चालेल.’
उत्तरं आली की कौतुकाचे शब्द सोडा, क्रियापदांखाली रेघ मारा. ‘तू नेहमी मदत करतेस’ यात हाताला काही लागत नाही. ‘राजीनामा लिहून तयार होता. तू म्हणालीस, आज पाठवू नकोस, उद्या दोघी मिळून वाचू’ यात सगळं आहे : तिने थांबवलं, वेळ मागून घेतला, सोबत बसायची तयारी दाखवली, सल्ला दिलाच नाही. हीच रीत वेगवेगळ्या गोटांतल्या तिघांच्या पत्रांत दिसली तर ती तुमची खरी ताकद समजा. बहुतेकांना ती स्वतःला ‘साधीच गोष्ट’ वाटत असते, म्हणून तर विचारावं लागतं.

शिक्षिका
विचारायची सोय नसते तिथे खुणा बघा. मूल दुसऱ्याला समजावताना तुमचंच वाक्य वापरतं. चूक लपवायच्या आधी तुमच्याकडे आणतं. स्वतःचं काम झाल्यावर मित्राला तुमच्याकडे पाठवतं. गप्प मुलांवरून मात्र निष्कर्ष काढू नका, कुठलाच.

@समुपदेशक, थोडी भर
देणारा वस्तू मोजतो, घेणाऱ्याला आपुलकी पोचते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकागोतल्या स्केटिंगच्या मैदानावर लोकांनी अनोळखी माणसांना हॉट चॉकलेट दिलं. घेणाऱ्याला किती छान वाटेल याचा देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. तेव्हा ‘एवढ्याशा गोष्टीची काय नोंद करायची’ म्हणून काही गाळू नका.

हिशेब विभागात काम
आमच्यासारख्यांना शेवटचा माणूस दिसतच नाही. कागद घेऊन साखळी लिहा : माझं बिल वेळेवर → पुरवठादाराला पैसे → त्याच्या कामगारांचा पगार. मग त्या टोकाच्या एकाशी पाच मिनिटं प्रत्यक्ष बोला. २००७ च्या एका प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याशी एवढीच भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता.

सगळ्यांसाठी, छोटंसं
कुणी आभार मानले की आपण ‘अहो, त्यात काय एवढं!’ म्हणून विषय मिटवतो आणि माहिती तिथेच संपते. ‘बरं वाटलं ऐकून. नेमकं काय उपयोगी पडलं?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. पहिलं उत्तर ‘सगळंच’ असतं. कामाचं उत्तर त्यानंतर येतं.

रुग्णसेवेतली परिचारिका
दोन धोके. पहिला, श्रेय फुगतं. १९७९ च्या अभ्यासात नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तर बेरीज बहुतेकदा शंभर टक्क्यांवर गेली. म्हणून प्रत्येक नोंदीखाली ‘आणखी कोणाचा हात’ हेही लिहा. दुसरा, उपयोग आणि अवलंबून राहणं यांची गल्लत. पेशंट महिन्याभरानेही प्रत्येक गोष्टीला तुम्हालाच हाक मारत असेल, तर पद्धत बदला.
आणि ज्यांना दिवसचे दिवस ‘माझा कुणालाच उपयोग नाही’ असं वाटतंय, त्यांच्यासाठी वही पुरेशी नाही. नैराश्यात पुरावा समोर असूनही पटत नाही, तो आजाराचा भाग आहे. डॉक्टरांना दाखवा, जाताना घरच्या एकाला सोबत घ्या.

प्रशिक्षक
एक प्रश्न नेहमी येतो : अशी प्रसंगांची पत्रं किती वेळा मागवायची? वर्षातून एकदा फार झालं. दर महिन्याला मागितलीत तर लोक भिडेखातर लिहितात.