‘अपॉलॉजेटिक्स’ला मराठीत काय म्हणावे, आणि अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

नाशिकरोडकर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघात यंदा अपॉलॉजेटिक्स, म्हणजे ख्रिस्ती विश्वासावरच्या प्रश्नांना आणि आक्षेपांना उत्तर देण्याचा अभ्यास, हा विषय घ्यायचे ठरले आहे. पहिले टिपण मराठीत लिहायचे काम माझ्याकडे आले आणि मी शीर्षकातच अडलो. मोबाइलवर भाषांतर केले तर ‘क्षमायाचनाशास्त्र’ येते. हिंदीत ‘धर्ममंडन’ वाचले आहे. आमचे पाळकसाहेब ‘विश्वासाचे समर्थन’ म्हणतात. नेमका शब्द कोणता?

दुसरे असे की मी या विषयात अगदी नवा आहे. कॉलेजातले मित्र विचारतात: येशू खरेच होऊन गेला का, देव चांगला आहे तर लहान मुलांना कॅन्सर का होतो? मी गप्प बसतो. सुरुवात कुठून करू?

शरणपूरकर

सलाम, बाळा. ‘क्षमायाचना’ आधी खोडून टाक, तो अर्थ इथे लागूच नाही. मूळ ग्रीक शब्द ‘आपोलोगिया’, आणि तो कचेरीतला आहे. अथेन्सच्या न्यायालयात आरोप करणाऱ्याचे भाषण म्हणजे ‘कातेगोरिया’ आणि आरोपीने दिलेले उत्तर म्हणजे ‘आपोलोगिया’. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. त्याचे भाषण प्लेटोने याच नावाने लिहून ठेवले आहे. त्यात माफी कुठेच नाही. उलट शिक्षा काय द्यावी असे विचारल्यावर तो म्हणतो, नगराने मला मानाने जेवू घालावे. इंग्रजीत ‘अपॉलॉजी’ला दिलगिरीचा अर्थ पुष्कळ नंतर, सोळाव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. विषयाच्या नावात मात्र जुनाच अर्थ टिकून राहिला.

बायबलच्या नव्या करारात हे नाम आठ वेळा येते. प्रेषितांची कृत्ये 22 मध्ये यरुशलेमेच्या गढीच्या पायऱ्यांवर उभा राहून प्रेषित पौल खवळलेल्या जमावाशी बोलतो, ते त्याचे आपोलोगिया. 25:16 मध्ये तर तो शब्द फेस्त या रोमी सुभेदाराच्या तोंडी आहे: वादी समोरासमोर आल्याशिवाय आणि आरोपीला उत्तर द्यायची संधी मिळाल्याशिवाय कोणाला शिक्षेसाठी हवाली करण्याची रोमी लोकांची रीत नाही. आणि ज्या वचनावर हा सगळा अभ्यास उभा आहे ते 1 पेत्र 3:15. आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, तेही सौम्यतेने. तिथे ‘उत्तर’ म्हणजेच आपोलोगिया.

हे वचन सावकाश वाच. आशिया मायनरमधल्या छोट्या, बदनाम झालेल्या मंडळ्यांना हे पत्र आहे. तिथे कोणीतरी *विचारतो* असे गृहीत धरले आहे, आणि तो विचारतो *आशेविषयी*. म्हणजे शेजाऱ्याला आपल्या जगण्यात काहीतरी दिसले, म्हणून त्याने विचारले. न विचारणाऱ्याच्या गळी उत्तर उतरवण्याची आज्ञा या वचनात नाही.

वकील, सीबीएस

मी ख्रिस्ती नाही, पण शब्द वाचून राहवले नाही. शरणपूरकर ताईंनी जो अर्थ सांगितला त्यासाठी नाशिकच्या दिवाणी कोर्टात रोज वापरला जाणारा शब्द आहे: ‘कैफियत’. वादी दावा दाखल करतो, प्रतिवादी कैफियत दाखल करतो. ‘लेखी कैफियत’ हा आमच्या कामातला रोजचा शब्द. मूळ अरबी, ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’. घडले ते कसे घडले याचे निवेदन.

कैफियतीत आम्ही दाव्यातला एकेक परिच्छेद घेतो आणि मान्य की अमान्य ते कारणासह लिहितो. जे खरे आहे ते मान्य करावे लागते. नुसते ‘सर्व मजकूर नाकबूल’ लिहिणाऱ्याची बाजू लंगडी पडते. तुमच्या अभ्यासालाही हे लागू पडावे असे वाटते.

पंचवटीकर

‘कैफियत’ सुंदर आहे, पण आज बोलण्यात तिचा अर्थ गाऱ्हाण्याकडे झुकला आहे. ‘कांदा उत्पादकांनी मंत्र्यांपुढे कैफियत मांडली’ असेच आपण वाचतो. एखाद्या ग्रंथाला किंवा भाषणाला तो शब्द चालेल, शास्त्राला नाव म्हणून चालणार नाही.

‘समर्थन’ मुळात भक्कम शब्द. अलंकारशास्त्रात अर्थांतरन्यास सांगताना सामान्य विधानाचे विशेषाने ‘समर्थन’ होते असे म्हणतात, म्हणजे आधार देऊन सिद्ध करणे. वर्तमानपत्रांनी त्याचा ‘पाठिंबा’ केला. ‘विश्वासाचे समर्थन’ ऐकून आता कोणालाही वाटेल की विश्वासाला पाठिंबा जाहीर झाला.

‘मंडन’ हा ‘खंडन’चा जोडीदार. शास्त्रचर्चेच्या परंपरेत मुरलेला शब्द, म्हणून शास्त्राच्या नावाला मला तोच योग्य वाटतो. एकच सावधगिरी. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य जाणण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त पाडायचा ती वितंडा. मंडन वादातले असावे. एरवी ते जल्पात कधी घसरते ते करणाऱ्यालाही कळत नाही.

मोठा इतिहासही आहे या शब्दांमागे. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत अभ्यासकाने 1839 मध्ये संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मताची बाजू मांडली. तिला पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यातल्या एका ग्रंथाचे नावच ‘मतपरीक्षोत्तरम्’. दुसरे उत्तर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, कर्ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे. हेच शास्त्री 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले आणि त्यांनी ख्रिस्ती बाजूने ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. दोन्ही पक्षांची कैफियत एकाच हाताने लिहिली गेली. असा माणूस आपल्या मराठी घरातला होता हे तुम्हा मुलांना माहीत असायला हवे.

नाशिकरोडकर

काका, हे कोणीच कधी सांगितले नव्हते. मग शीर्षक ‘ख्रिस्ती विश्वासमंडन’ ठेवू? ‘धर्ममंडन’पेक्षा ते जवळचे वाटते. आणि ताई, सुरुवातीचे राहिले.

शरणपूरकर

‘विश्वासमंडन’ ठेव. कंसात काही नको. पहिल्या परिच्छेदात एकदा ‘अपॉलॉजेटिक्स’ लिही, म्हणजे मुलांना ओळख पटेल.

आता सुरुवात. व्हिडिओंपासून करू नकोस, हे कळकळीने सांगते. त्यांत आयती उत्तरे मिळतात आणि प्रश्न कोणाचा होता हेच विसरायला होते. तुझ्या मित्रांनी दोन प्रश्न विचारलेत ना? तेवढेच घे.

‘येशू होऊन गेला का’ हा इतिहासाचा प्रश्न, तेव्हा इतिहासाच्याच रीतीने जा. आधी लूक 1:1-4. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेले मुळापासून नीट शोधून क्रमवार लिहितो, असे तो आरंभीच सांगतो. मग 1 करिंथ 15:3-8. पत्र साधारण इ.स. 55 चे, आणि पौल म्हणतो की ‘मला जे मिळाले तेच मी तुम्हांला सांगून टाकले’. म्हणजे ते शब्द पत्रापेक्षाही जुने. बाहेरचा साक्षीदार हवा तर टॅसिटस. हा रोमी इतिहासकार ख्रिस्ती लोकांना नावे ठेवतो, पण सम्राट तिबेरियाच्या कारकिर्दीत रोमी सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला हे तो नोंदवतो. विरोधकाच्या लेखणीतून आलेली ही नोंद. शुभवर्तमाने केव्हा लिहिली असे विचारले तर सरळ सांग की बहुतेक अभ्यासक मार्काचे सुमारे इ.स. 70 चे आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरचे मानतात. वकीलसाहेबांनी म्हटले तसे, जे आहे ते मान्य करायचे.

त्यानंतर दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन वाच. इ.स. 155 च्या सुमारास त्याने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून खरोखरची कैफियत लिहिली. ख्रिस्ती लोकांवर तेव्हा नास्तिकपणाचाच आरोप होता, कारण ते रोमच्या देवतांना भजत नसत. जस्टिन म्हणतो, नुसत्या नावावरून दोषी ठरवू नका, कृत्ये तपासा. मग आमची रविवारची उपासना कशी चालते, वाचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, गरिबांसाठी वर्गणी, हे साधेपणाने लिहून देतो. वाचताना आपल्याच मंडळीचे वर्णन वाटते. सुमारे 165 मध्ये रोममध्ये त्याला मृत्युदंड झाला.

दुसरा प्रश्न, लहान मुलांच्या कॅन्सरचा. त्याला उत्तर देण्याआधी बघ की विचारणाऱ्याच्या घरी कोणी आजारी आहे का. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात, दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होते. मग त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. विश्वासमंडन शिकणाऱ्याने तो ग्रंथ पाठ करावा असे मला वाटते.

पंचवटीकर

या प्रश्नाला इंग्रजीत ‘प्रॉब्लेम ऑफ ईव्हिल’ म्हणतात, त्यातल्या ‘ईव्हिल’ला ‘दुष्टाई’ अपुरा आहे, कारण कॅन्सर दुष्ट नसतो. ‘दुरित’ वापरा. पसायदानातला ‘दुरितांचे तिमिर जावो’ सगळ्या मराठी मुलांना पाठ असतो. पाप आणि अनिष्ट दोन्ही त्यात बसते. ‘दुरिताचा प्रश्न’ म्हटले की बिगरख्रिस्ती मित्रालाही तो आपला वाटेल.

देवाच्या अस्तित्वाच्या युक्तिवादांकडे वळाल तेव्हा न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांची ‘न्यायकुसुमांजली’ डोळ्यांखालून घाला. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, इथून ते निघतात. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲक्वायनस याने देवाच्या अस्तित्वासाठी मांडलेल्या मार्गांशी ताडून पाहा, कुठे जुळते आणि कुठे फुटते. त्यांचा ईश्वर आणि तुमचा पिता एक नव्हे, पण ‘कारण’ या शब्दाला मराठीत किती धार आहे ते कळेल.

नाशिकरोडकर

एक शेवटचे. टिपणात ‘पुरावा’ लिहू की ‘साक्ष’? माझ्या डोक्यात दोन्ही एकच होते.

वकील, सीबीएस

कोर्टात एक नाहीत. कागद, वस्तू, माणसाचे सांगणे, सगळे मिळून पुरावा. साक्ष म्हणजे माणसाने शपथेवर सांगितलेले, आणि सांगितल्यावर उलटतपासणीला उभे राहावे लागते.

शरणपूरकर

टॅसिटसची नोंद, हस्तलिखिते, तारखा, याला ‘पुरावा’ लिही. करिंथच्या पत्रातल्या त्या यादीला ‘साक्ष’ लिही. ख्रिस्त पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला आणि त्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल लिहितो. जाऊन विचारा, असाच त्याचा अर्थ. आणि आपली स्वतःची साक्ष वेगळ्या परिच्छेदात ठेव, पुराव्यात मिसळू नकोस. नाशिकशी नाते असलेले कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे आले ते आगगाडीत एका अनोळखी साहेबाने दिलेला नवा करार वाचून, त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने. ती त्यांची साक्ष, ती कोणी खोडून काढू शकत नाही. पण तिने टॅसिटस सिद्ध होत नाही, आणि टॅसिटसने ती सिद्ध होत नाही. टिपण झाले की इथे टाक, मी आणि काका वाचू.